मागाठाण्याचं शेत आणि कान्हेरीचं पाणी: थंडीतली एक सकाळ

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात मागेपुढे झालेलं जरा ओळीत लावलंय, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.

सुरुवात एका शाळेच्या प्रोजेक्टपासून करते. माझी भाची सातवीत आहे. विषय होता ‘माझं शहर’. तिने छान चार्ट केला होता. सात बेटं, मग १६६१ च्या करारातलं ते प्रसिद्ध लग्न, पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण, मग फोर्ट, मग व्हीटी, मग गेटवे. मी म्हटलं, “अगं, यात आपलं बोरिवली कुठंय?” ती म्हणाली, “मावशी, बोरिवलीत काय आहे? इथे आधी नुसतं जंगल होतं.”

आई आतून म्हणाली, “आम्ही राहायला आलो तेव्हाही जवळजवळ जंगलच होतं. पाणी कुठे होतं नळाला? पहाटे चारला उठून हंडे लावायचो.”

झालं! म्हणजे आमच्या घरातल्या दोन पिढ्यांचं मत एकच. इतिहास टाऊनला, उपनगरात फक्त बिल्डिंगा.

आता कागदावर बघितलं तर भाचीचं म्हणणं अगदीच चूक नाही. दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला तो १९५७ मध्ये. आणि १६६१ च्या त्या आंदणात आपण नव्हतोच. वांद्र्यापासून वरचा हा सगळा पट्टा म्हणजे साष्टी, एक वेगळं मोठं बेट. ते पोर्तुगीजांनी स्वतःकडेच ठेवलं. पुढे चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ मध्ये, ते मराठ्यांकडे आलं आणि इंग्रजांना मिळालं ते थेट १७७४ मध्ये. म्हणजे शाळेच्या पुस्तकात ‘मुंबईचा इतिहास’ म्हणून जो येतो, तो खरं तर खालच्या बेटांचा. आपला वेगळा आहे आणि तो कितीतरी जुना आहे.

हे मी तिला बोलून सांगितलं असतं तर तिने मान डोलावून मोबाईल उघडला असता. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी, आई आणि भाची, तिघी निघालो. मागाठाणे स्टेशनवरून मेट्रो पकडली, मध्ये देवीपाडा, मग राष्ट्रीय उद्यान. दोन स्टेशनांचा प्रवास. मागाठाणे हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उघड्यावरचं संग्रहालय म्हणजे काय?

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? काचेचं कपाट, आत मूर्ती, खाली पाटी. वस्तू जिथली असते तिथून उचलून आणलेली असते. ‘ओपन एअर म्युझियम’ ही कल्पना याच्या उलट दिशेने जाते. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १८९१ साली आर्टुर हासेलियस नावाच्या माणसाने ‘स्कान्सेन’ उभं केलं. त्याच्या लक्षात आलं की कारखाने आले, लोक गावं सोडून चालले आणि जुनी घरं, जुनी राहणी आपल्या डोळ्यांदेखत संपतेय. मग त्याने ठिकठिकाणची जुनी घरं सुटी करून आणली आणि एका टेकडीवर पुन्हा उभी केली. लोक आजही थंडीत, नाताळच्या बाजारासाठी तिथे गर्दी करतात.

आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. बारा बलुतेदार, शेतकरी, गावगाडा, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांतून मोकळ्यावर मांडलेलं. तेही लोकप्रिय आहे. पण ते कणेरी, आपलं कान्हेरी. नावात गल्लत करू नका, गाडी भलतीकडे जाईल!

कान्हेरी या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. इथे कुणी काही उचलून आणलेलं नाही आणि कुणी पुतळे बनवून मांडलेले नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास इथे डोंगर कोरायला सुरुवात झाली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत जागा वापरात राहिली. शंभराहून जास्त गुंफा आहेत आणि प्रत्येक गोष्ट जिथे केली तिथेच आहे. जिन्याच्या पायऱ्या, बसायचे ओटे, झोपायचे कट्टे, पाण्याची टाकी. एक अख्खी वसाहत, फक्त माणसं उठून गेलेली. अडचण एवढीच की वस्तूखाली पाटी नाही. पाटी आपल्याला वाचावी लागते. ती कशी वाचायची, तेच आज सांगते.

आधी अर्धवट गुंफा बघा

उद्यानाच्या फाटकापासून गुंफा सहा-सात किलोमीटर आत आहेत. आम्ही पार्कातल्या बसने गेलो. खाली आदिवासी पाड्यांतल्या बायका बोरं, आवळे, काकडी घेऊन बसलेल्या असतात. घ्या जरूर, पण पिशवीत आत ठेवा. माकडांची नजर फार तयार आहे.

तिकीट काढून वर गेलं की लोक पहिल्या गुंफेत डोकावतात, “काही नाही इथे,” म्हणतात आणि पुढे सरकतात. मी म्हणेन, सुरुवात तिथूनच करा. ही पहिल्या क्रमांकाची गुंफा अर्धवट सोडलेली आहे, म्हणूनच ती सगळ्यात जास्त शिकवते. लेणं बांधत नाहीत, खोदतात. आपण घर खालून वर चढवतो, लेणं वरून खाली आणि बाहेरून आत जातं. आधी छत, मग खांबांची डोकी, शेवटी जमीन. चुकीला जागा नाही, कारण एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही. अर्धवट गुंफेत छिन्नीचे घाव दिसतात आणि खांब दगडातून अजून पुरते सुटलेले नसतात. भाची म्हणाली, “म्हणजे हे खोडरबर नसलेलं चित्र आहे.” मी म्हटलं, अगदी तेच.

मग तिसरी गुंफा. हा इथला मोठा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं सभागृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. आत स्तूप आहे आणि त्याला वळसा घालून चौतीस खांब. घडण लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यासारखी. पैसे दिले गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी, तसा लेखच आहे. आता खांब नीट बघा. काहींना खाली कुंभ, वर कोरीव शिरोभाग. बाकीचे साधे अष्टकोनी. काम सुरू झालं त्या थाटात संपलेलं नाही.

आणि बाहेर व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन प्रचंड उभे बुद्ध आहेत. सगळे फोटो तिथेच निघतात. पण हे बुद्ध मूळ कामातले नाहीत, तीनएकशे वर्षांनी भर घातलेले आहेत. चैत्य खोदला तेव्हा पूजेचं स्थान होतं स्तूप. मूर्ती नंतर आल्या. एकाच ओसरीत उभं राहून तुम्ही दोन काळ बघत असता. मशिदीला, देवळाला, चर्चला नंतर भर पडते तशीच ही भर. हे एकदा डोळ्यांना कळलं की पुढच्या प्रत्येक गुंफेत तुम्ही आपोआप विचारायला लागता: यातलं आधीचं काय, नंतरचं काय?

अकराव्या गुंफेला ‘दरबार’ म्हणतात. लांबलचक दालन आणि जमिनीलगत दोन बुटके दगडी ओटे, पंगत मांडावी तसे समोरासमोर. दरबार वगैरे नाव नंतरचं. इथे भिक्षू एकत्र बसत असणार, पाठांतराला, सभेला किंवा जेवायला. वेरूळच्या पाचव्या लेण्यात अशीच मांडणी आहे. आई ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, “लग्नाची पंगतच वाटते गं.”

पाणी: इथली खरी कमाल

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. मुंबईत पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ काहीच नाही. डोंगरावर विहीर नाही, बारमाही नदी नाही. शंभर गुंफांत माणसं राहणार कशी?

उत्तर प्रत्येक गुंफेच्या दारात आहे. उजव्या-डाव्या हाताला जमिनीत एक चौकोनी तोंड दिसतं. वरून लहान, आत मोठं. हे टाकं. लेखांमध्ये त्याला शब्द आहे ‘पोढी’. डोंगराच्या उतारावर, गुंफांच्या माथ्यावर बारीक चर कोरलेत. पाऊस पडला की पाणी त्या चरांतून ओघळून टाक्यात येतं. तोंड लहान ठेवलं की ऊन कमी लागतं, पाणी कमी उडून जातं आणि कचराही कमी पडतो. एक मोठी टाकी बांधून सगळ्यांनी तिथे रांग लावायची, असं नाही. ज्याच्या त्याच्या दारात पाणी.

म्हणूनच मी हिवाळ्यात जा म्हणते, नुसत्या गारव्यासाठी नाही. पावसाळ्यात सगळीकडूनच पाणी वाहत असतं, कोणतं कुठून येतं ते कळत नाही. मे महिन्यात दगड तापतो. डिसेंबर-जानेवारीत मधला ओढा आटलेला असतो, चर कोरडे पडल्याने स्वच्छ दिसतात आणि टाक्यांत मात्र अजून पाणी असतं. व्यवस्था कशी चालते ते त्या दिवसांत वाचता येतं.

एक गंमत बघा. दीड हजारांहून जास्त वर्षांनी मुंबई शहराला पाण्याची चणचण भासली तेव्हा इंग्रज कुठे आले? याच डोंगरात. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही याच जंगलात आणि दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात. पावसाचं पाणी डोंगरात अडवायचं, ही युक्ती या खोऱ्यात आधीच करून दाखवलेली होती.

आई एका टाक्याच्या काठावर बराच वेळ उभी राहिली. आत वाकून बघितलं. काही बोलली नाही. मग म्हणाली, “आणि आम्ही इथून हाकेच्या अंतरावर हंडे घेऊन रांगा लावत होतो.”

पाण्यावर लिहिलेलं लग्न

ही टाकी फुकट झाली नाहीत. कुणीतरी पैसे दिले आणि देणाऱ्याने आपलं नाव कोरून ठेवलं. बहुतेक लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहेत. दाते कोण? कल्याणचा स्वामिदत्त नावाचा सोनार, त्याने पोढी दिली. कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे व्यापारी. गृहस्थांच्या बायका, भिक्षुणी. हे तिन्ही गाव समुद्राच्या व्यापाराची बंदरं होती. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, जिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. म्हणजे कान्हेरी जंगलात लपलेली जागा नव्हती. बंदरांच्या मधोमध, पण गजबजाटापासून जरा लांब, अशी जागा हेरलेली होती.

पाचव्या गुंफेपाशी पाण्याच्या टाक्याजवळ एक लेख आहे. आज तो बराच झिजलाय. पण अभ्यासकांनी वाचलेला आहे आणि त्यात एक अख्खी राजकीय गोष्ट आहे. हा लेख प्राकृतात नसून संस्कृतात आहे. त्यात म्हटलंय की वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, जी कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रप ‘रु...’ याची मुलगी, तिचा विश्वासू अमात्य सतेरक याने हे पाण्याचं टाकं दिलं. बापाचं नाव ‘रु’वर तुटतं, पण हा रुद्रदामन, असं मानलं जातं.

आता जुनागढला जाऊ. तिथे रुद्रदामनाचा इसवी सन १५० चा शिलालेख आहे. त्यात तो सांगतो, की दक्षिणापथाचा राजा सातकर्णी याला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याचा समूळ नाश केला नाही. कोणतं नातं, ते तिथे सांगितलेलं नाही. ते उत्तर आपल्या बोरिवलीत, एका टाक्यावर आहे. शक आणि सातवाहन, दोन भांडणारी घराणी, आणि त्यांच्यामध्ये एक लग्न.

मी भाचीला म्हटलं, “तुझ्या चार्टवर १६६१ च्या करारातलं लग्न आहे ना? हे त्याच्या पंधराशे वर्षं आधीचं.” तिने लगेच विचारलं, “त्या राणीचं नाव काय?”

तेच तर. राणीचं नाव त्या लेखात उरलेलं नाही. नवऱ्याचं आहे, बापाचं अर्धं आहे, अमात्याचं आहे. तिचं नाही. भाची गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मी चार्टवर तिच्यासाठी रिकामी चौकट ठेवणार.”

मागाठाणे!

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव. यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सोळाव्या वर्षी कल्याणच्या अपरेणुक नावाच्या व्यापाऱ्याने इथे गुंफा दिली आणि तिच्यासाठी ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे न संपणारी ठेव. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर खर्च भागवायचा. आपल्या आजोबांची एफडी असायची ना, तशीच. त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय व्हायची. आणि रोख रकमेच्या जोडीला त्याने एक शेत दिलं. कुठलं शेत? लेख म्हणतो, ‘मंगलठाण’ गावातलं.

मंगलठाण, मागाठाणे. ज्या स्टेशनवरून आम्ही सकाळी मेट्रो पकडली ते नाव अठराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे. बस डेपोचं नाव, मतदारसंघाचं नाव, रिक्षावाल्याला सांगतो ते नाव. तिथे शेत होतं, त्या शेताचं उत्पन्न या डोंगरावर येत होतं. ‘इथे आधी नुसतं जंगल होतं’ या वाक्याला एवढं सरळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मागाठाण्यालाही बौद्ध लेणी आहेत. आज ती वस्तीने पार वेढलेली आहेत आणि रोज तिथून जाणाऱ्या बहुतेकांना ती माहीतही नाहीत. कान्हेरी वाचली कारण भोवती जंगल राहिलं. मागाठाणे वाचलं नाही, नाव तेवढं उरलं. इतिहास जागेवर ठेवणारं संग्रहालय हवं तर आधी जागा राहावी लागते, एवढं साधं आहे ते.

हजार वर्षांपूर्वीचे हिवाळी पाहुणे

पाय साथ देत असतील तर ४१ क्रमांकाची गुंफा बघा. तिथे अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे, भारतात असा फार क्वचित दिसतो. आणि चढून ९० क्रमांकाच्या गुंफेपर्यंत जा. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत, म्हणजे इराणी, झरथुष्ट्री लोकांचे. ते दाते नव्हते, बघायला आलेले लोक होते. त्यांनी आपली नावं आणि तारखा लिहिल्या. आपल्या कालगणनेत त्या येतात १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१. तारखा बघितल्यात? पाऊस संपल्यावरच्या. सहलीला कधी यायचं हे त्यांनाही कळत होतं!

हे सांगितल्यावर भाचीने पकडलंच. “मावशी, मग आपल्याला का ओरडतात भिंतीवर नाव लिहू नका म्हणून?” प्रश्न बिनतोड आहे. मी काय उत्तर दिलं ते सांगते, तुम्हाला पटतंय का बघा. ते लोक आले तेव्हा ही जागा चालती होती किंवा नुकती थांबत होती. लिहिणं हा तिथल्या व्यवहाराचा भाग होता, दात्यांनीही लिहिलं, पाहुण्यांनीही. आज एका खरवडलेल्या बदामाखाली कुठल्या तरी सोनाराचं, कुठल्या तरी भिक्षुणीचं अक्षर कायमचं पुसलं जातं. राणीचं नाव हरवलंच आहे. आणखी कुणाचं हरवायला आपण कारण होऊ नये.

तिला पूर्ण पटलं की नाही, माहीत नाही. पण खाली उतरताना तिने हात भिंतीपासून लांब ठेवला होता.

जाणार असाल तर

सोमवारी उद्यान बंद असतं. सकाळी लवकर निघा, दुपारी दोनच्या आत उतरा. पायांत चपला नकोत, बूट घाला, पायऱ्या उंच-सखल आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी एक ते अकरा एवढ्याच गुंफा बघितल्या तरी पुष्कळ आहे, आमच्या आईने तेच केलं. टॉर्च न्या. लेखांवर प्रकाश समोरून टाकू नका, बाजूने तिरका टाका, म्हणजे झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. हात मात्र लावू नका. आणि प्लास्टिकची बाटली टाक्यात टाकणारा दिसला तर निदान एकदा तरी बोला.

एका दिवसात सगळं होत नाही. अंधेरीची महाकाली म्हणजे कोंडिविट्याची लेणी, जोगेश्वरी, बोरिवली पश्चिमेचं मंडपेश्वर, ही सगळी याच साष्टी बेटावरची भावंडं आहेत. त्यांच्यावर वेगळे भाग करायचे आहेत.

प्रोजेक्टचं काय झालं? चार्ट पुन्हा केला. सात बेटं तशीच राहिली, पण त्यांच्या वर एक आठवं मोठं बेट आलं, साष्टी. त्यात एक टाकं, एक रिकामी चौकट आणि एक शेत काढलंय. शेताखाली लिहिलंय, ‘आमच्या घराजवळ’.

भेटू पुढच्या भागात. तोवर आपापल्या स्टेशनचं नाव कुठून आलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा.